ब्युटेनॉल वेगळे करताना वाफ नेमकी कुठे जाते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या गटाने ॲसिटोन-ब्युटेनॉल-इथेनॉल किण्वन, म्हणजे जंतूंकडून साखरेपासून हे तीन द्रावक बनवणे, पथदर्शी टाकीत बसवले आहे. वॉशमध्ये, म्हणजे किण्वन झालेल्या पातळ द्रवात, ब्युटेनॉल लिटरला १०-१२ ग्रॅमच्या वर जात नाही. साध्या डिस्टिलेशनला लागणाऱ्या वाफेचा हिशोब पाहून तुम्हाला धडकी भरली आहे. म्हणून पर्व्हेपोरेशन, गॅस स्ट्रिपिंग आणि द्रावकाने निष्कर्षण यांपैकी सर्वांत कमी ऊर्जा लागणारी पद्धत कोणती, असे तुम्ही विचारता.

पद्धत निवडण्याआधी एक आकडा काढा: एक किलो ब्युटेनॉल मिळवताना तुम्ही किती किलो पाण्याची वाफ करता, आणि किती किलो पाणी नुसतेच तापवता? ऊर्जा खर्ची पडते ती पाण्यावरच. एक किलो पाण्याची १०० अंशांना वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात, तर एक किलो ब्युटेनॉलला सहाशेच्या आतबाहेर. तुमच्या वॉशमध्ये एक किलो ब्युटेनॉलमागे जवळजवळ ९९ किलो पाणी आहे. हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवले की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

आधी नुसते तापवणे घेऊ. १०० किलो वॉश ३५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे २७ मेगाज्यूल लागतात. एक किलो ब्युटेनॉल जाळून मिळणारी उष्णता आहे ३३ मेगाज्यूल. म्हणजे वाफेचा पहिला थेंब तयार होण्याआधीच इंधनाच्या चार-पंचमांश उष्णता खर्ची पडली. हीच गोष्ट १० टक्के इथेनॉलच्या वॉशला लावून पाहा: एक किलो इथेनॉलमागे तापवायचा वॉश फक्त दहा किलो, म्हणजे पावणेतीन मेगाज्यूलच्या आत काम भागते. इथेनॉलवाल्यांचे अंदाज ब्युटेनॉलला जसेच्या तसे लावणारे इथेच फसतात.

अर्थात, २७ मेगाज्यूल कोणी वाया घालवत नाही. डिस्टिलेशनच्या उभ्या कॉलमच्या तळातून निघणारे गरम पाणी येणाऱ्या थंड वॉशला उष्णता देते. त्या हीट एक्स्चेंजरच्या गरम टोकाला दोन प्रवाहांत दहा अंशांचा फरक राहिला, तर १०० किलोवर ४.२ मेगाज्यूल वाफेतून भरून काढावे लागतात. पाच अंशांवर आणला तर २.१. म्हणजे त्या फरकातल्या प्रत्येक अंशाची किंमत किलो ब्युटेनॉलमागे ०.४ मेगाज्यूल. हा आकडा मी माझ्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो. एका पथदर्शी संयंत्रात वाफेचा खप आठवड्यागणिक वाढत होता आणि आम्ही पंधरा दिवस कॉलमच्या प्लेट्सना दोष देत बसलो होतो. शेवटी एक्स्चेंजर उघडला, तर वॉशच्या बाजूला प्रथिनांचा आणि पेशींचा चिकट थर साचलेला. फरक सहा अंशांवरून एकवीसवर गेला होता आणि तिथले तापमान कोणी नोंदवतच नव्हते. तेव्हापासून या उपकरणाच्या चारही टोकांना तापमापी असल्याशिवाय मी कोणत्याही संयंत्राच्या ऊर्जेबद्दल मत देत नाही. वॉशसाठी रुंद फटीचे प्लेट एक्स्चेंजर घ्या आणि दोन ठेवा, म्हणजे एक धुताना दुसरा चालू राहील.

आता प्रत्यक्ष बाष्पन. ब्युटेनॉलचा उत्कलनबिंदू सुमारे ११८ अंश, पाण्यापेक्षा जास्त. त्यामुळे ते मागे राहील आणि पाणीच आधी उकळून जाईल, असे वाटते. पण पातळ द्रावणात उलटे घडते. पाण्याला ब्युटेनॉलचे रेणू मुळात नकोसेच असतात. ते जणू बाहेर ढकलले जातात आणि वाफेत त्यांचे प्रमाण द्रवातल्यापेक्षा वीस-पंचवीस पटींनी वाढते. एक टक्का वॉशशी समतोल असलेल्या वाफेत किलोभर ब्युटेनॉलमागे साधारण पावणेचार किलो पाणी असते. त्याची वाफ करायला सुमारे ९ मेगाज्यूल. हा झाला किमान आकडा. प्रत्यक्ष कॉलमला थोडी जादा वाफ द्यावीच लागते, म्हणून १२ धरा.

ही वाफ थंड केली की द्रवात ब्युटेनॉल २० टक्क्यांच्या आसपास येते आणि इथे निसर्ग आपल्या बाजूने उभा राहतो. सामान्य तापमानाला पाण्यात ब्युटेनॉल जेमतेम साडेसात टक्के विरघळते आणि ब्युटेनॉलमध्ये पाणी सुमारे २० टक्के. त्यामुळे डिकँटरमध्ये, म्हणजे द्रव निवळून थर वेगळे काढायच्या भांड्यात, दोन थर होतात: वर ८० टक्के ब्युटेनॉलचा, खाली पाण्याचा. वीसवरून ऐंशी टक्क्यांपर्यंतची उडी, आणि तिला उष्णता शून्य. खालचा थर पुन्हा पहिल्या कॉलमला जातो. वरचा थर दुसऱ्या, छोट्या कॉलमला. तिथे उरलेले पाणी काही ब्युटेनॉल सोबत घेऊन ९३ अंशांच्या आसपास अझिओट्रोप (उकळताना ज्याचे प्रमाण बदलत नाही असे मिश्रण) म्हणून वर निघते, पुन्हा डिकँटरमध्ये येते आणि तळाला कोरडे ब्युटेनॉल मिळते. या दुसऱ्या कॉलमचा खर्च किलोमागे एक-दीड मेगाज्यूल, फार तर.

इथेनॉलची गोष्ट नेमकी उलटी. त्याची सुरुवात सोपी, शेवट अवघड. ते पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते, ९५.६ टक्क्यांवर अझिओट्रोप अडवतो आणि पुढचे पाणी काढायला ३ अँगस्ट्रॉम छिद्रांचे मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे फक्त पाण्याचे रेणू धरून ठेवणारे दाणे, लागते. ब्युटेनॉलचा शेवट जवळजवळ फुकट, सुरुवात मात्र महाग. म्हणून ब्युटेनॉलसाठी शेवटच्या टप्प्यावर हुशारी खर्च करू नका. सगळी लढाई पहिल्या कॉलमच्या आधी आणि त्याच्या आत आहे.

एकूण बेरीज: तापवण्याचे ४, बाष्पनाचे १२, शुद्धीकरणाचे एक-दीड. सुमारे १७ मेगाज्यूल, म्हणजे इंधनातल्या उष्णतेच्या निम्मी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेच किण्वन मोठ्या प्रमाणावर चालले. रसायनशास्त्रज्ञ वाइझमनच्या जंतूने पहिल्या महायुद्धात कॉर्डाइट या तोफांच्या दारूसाठी ॲसिटोन पुरवले, पुढे ब्युटेनॉल लॅकर-रंगांच्या धंद्यात गेले. तेव्हा या वाफेने कोणाची झोप उडाली नाही, कारण माल रसायन म्हणून विकला जात होता आणि कोळसा हा खर्चातला एक आकडा होता. इंधन म्हणून विकायचे ठरले की मात्र आत गेलेली आणि बाहेर आलेली ऊर्जा एकाच तराजूत येतात.

या १७ समोर सैद्धांतिक किमान काम किती? एक टक्क्याच्या द्रावणातून एक किलो ब्युटेनॉल वेगळे करायला उष्मागतिकीच्या हिशोबाने सुमारे ०.१ मेगाज्यूल पुरते. दरी एवढी मोठी असल्यामुळेच नव्या पद्धतींचा मोह होतो, आणि तो रास्त आहे. आता तुम्ही विचारलेल्या पद्धती याच फूटपट्टीने मोजू.

गॅस स्ट्रिपिंग दिसायला सर्वांत साधे. किण्वनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनच टाकीत फिरवायचा, वर कंडेन्सर लावायचा, जंतूंना इजा नाही. पण ३७ अंशांना एक टक्का द्रवावर ब्युटेनॉलचा दाब पाऱ्याच्या दोन मिलिमीटरांच्याही आत असतो. वायू पूर्ण संपृक्त होतो असे मानले तरी एक किलो ब्युटेनॉल उचलायला सुमारे १५० घनमीटर वायू फिरवावा लागतो. शिवाय कंडेन्सर शून्याच्या जवळ नेला तरी परतणाऱ्या वायूत थोडे ब्युटेनॉल उरतेच. दाब मुळातच इतका कमी असल्याने हे ‘थोडे’ अर्ध्याच्या घरात जाते आणि फिरवायचा वायू जवळपास दुप्पट होतो. टाकीत द्रवाची उंची तीन मीटर असेल, तर पहिल्या १५० घनमीटरांना तेवढ्या दाबाविरुद्ध ढकलायलाच ४ मेगाज्यूल वीज लागते, तीही ब्लोअर आदर्श आहे असे धरून. टाकी दहा मीटरांची असेल, तर हा आकडा किती चढेल ते तुम्हीच करून पाहा. प्रयोगशाळेतल्या दोन लिटरच्या पात्रात द्रवाची उंची वीतभर असते, म्हणून तिथले आकडे इतके गोंडस दिसतात. भरीला वायूसोबत किलोमागे सहा किलो पाणीही वाफ होऊन जाते. त्याची उष्णता वॉशमधून जाते, म्हणजे टाकीला बाहेरून ऊब द्यावी लागते. ती ४५-५० अंशांच्या टाकाऊ पाण्यातून देता येते, एवढी एक जमेची बाजू. गॅस स्ट्रिपिंग मी संशोधनासाठी आनंदाने वापरतो. उथळ, रुंद, भरण भरलेल्या वेगळ्या कॉलममधून वॉश खाली सोडून वायू वर नेला, तर दाबाचा प्रश्नही बराच सुटतो. पण उंच टाकीच्या तळातून बुडबुडे सोडण्याचा आराखडा कोणी आणला, तर मी तो परत करतो.

टाकीवरच व्हॅक्यूम लावणे हे याचेच भावंड. ३७ अंशांना पाणी पाऱ्याच्या ४७ मिलिमीटर दाबाला उकळते आणि त्या दाबाला एक किलो पाण्याची वाफ २३ घनमीटर जागा व्यापते. त्यात किण्वनाचा सारा कार्बन डायऑक्साइड पंपालाच ओढावा लागतो. फेस येतो तो वेगळाच.

पर्व्हेपोरेशनबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे, कारण सर्वाधिक आशा इथेच लावली जाते. सिलिकॉन रबरचा, म्हणजे पॉलिडायमिथाइलसिलोक्झेनचा पडदा. एका बाजूला वॉश, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम. या पडद्याचा विलगीकरण गुणांक, म्हणजे पलीकडे ब्युटेनॉल-पाण्याचे प्रमाण किती पट होते तो आकडा, तीसच्या आसपास धरा. एक टक्का वॉशवर हिशोब केला, तर पलीकडे सुमारे २३ टक्के ब्युटेनॉलचा प्रवाह मिळतो: किलोमागे सव्वातीन किलो पाणी. आता मागे वळून पहिल्या कॉलमचा, म्हणजे वॉशमधून ब्युटेनॉल वाफेत काढणाऱ्या स्ट्रिपिंग कॉलमचा, आकडा पाहा. तिथे पावणेचार होते! म्हणजे पडद्याने जे केले, त्यातले बहुतेक नुसत्या बाष्पनानेही झाले असते. पडद्यातूनही पाण्याची वाफच होते आणि तिला तेवढाच अप्रकट उष्मा लागतो. ही वाफ व्हॅक्यूममध्ये थंड करायला शीतकरण यंत्र लागते, तर कॉलमची ९५ अंशांची वाफ साध्या थंड पाण्याने द्रव होते, किंवा तिच्यातली उष्णता पुन्हा वापरता येते. एक टक्का वॉशमधून तासाला चौरस मीटरमागे शे-पन्नास ग्रॅम ब्युटेनॉल आले, तर तासाला एक किलोसाठी दहा-वीस चौरस मीटर पडदा हवा, आणि पेशी चिकटल्या की तो आकडा वाढतच जातो. सिलिकॅलाइट हे सच्छिद्र खनिज मिसळलेल्या पडद्यांचा गुणांक याहून चांगला मिळतो. तो खऱ्या वॉशवर महिनोन्‌महिने टिकला, तरच हिशोब बदलेल. कोणी पडद्याचा आकडा दाखवला, तर मी तीन गोष्टी विचारतो: वॉश खरा होता की पाण्यात मिसळलेले शुद्ध ब्युटेनॉल, चाचणी किती तास चालली, आणि कंडेन्सरच्या शीतकरणाची वीज मोजली का.

निष्कर्षणात मात्र कागदावरची ऊर्जा खरोखरच कमी येते, कारण पाण्याची वाफच होत नाही. ओलील अल्कोहोल जंतूंना सोसते आणि ब्युटेनॉल पाण्यापेक्षा तीन-चारपट जास्त धरते. म्हणजे एक किलो ब्युटेनॉलसाठी तीसेक किलो द्रावक तापवायचा; त्याची विशिष्ट उष्मा पाण्याच्या निम्मी आणि बहुतेक उष्णता परत मिळते. अडचण दुसरीकडे आहे. पेशी आणि प्रथिने यांच्यामुळे दुधासारखे पायस तयार होते आणि तासन्‌तास फुटत नाही. तसेच, द्रावक पाण्यात लिटरला अवघा १०० मिलिग्रॅम मिसळून गेला, तरी १०० किलो पाण्यामागे १० ग्रॅम द्रावक हरवतो, म्हणजे मालाच्या एक टक्का. द्रावक ब्युटेनॉलपेक्षा महाग असेल, तर धंदा तिथेच बसतो. म्हणून निष्कर्षणाकडे वळायचे असेल, तर पेशी आधी गाळून काढा आणि द्रावक कोणता यापेक्षा तो पाण्यासोबत किती जातो, हे आधी मोजा. बायोडिझेलनेच निष्कर्षण करून ब्युटेनॉल त्यातच इंधन म्हणून ठेवायची कल्पना मला मनापासून आवडते. त्याचा वितरण गुणांक (ब्युटेनॉल पाण्याच्या किती पट धरतो) एकाच्या आसपास, म्हणजे साधारणच. पण वेगळे करण्याची गरजच उरत नाही.

अधिशोषणावर, म्हणजे ब्युटेनॉल रेझिनच्या दाण्यांवर धरून ठेवण्यावर, माझा हात फारसा बसलेला नाही, इतकेच सांगतो की रेझिनच्या दाण्यांमधले पाणी निथळवले नाही, तर तेच तापवण्यात सारा फायदा जातो. आणि क्षार घालून थर वेगळे करण्याचे जे प्रयोग दिसतात, त्यांत क्षार परत मिळवताना पाण्याचीच वाफ करावी लागते, हे अनेकदा हिशोबात धरलेले नसते.

मग करायचे काय? तुमच्या जागी मी असतो, तर स्ट्रिपिंग कॉलम आणि डिकँटर तसेच ठेवून कॉलमवरच्या वाफेला कंप्रेसर लावला असता. ब्युटेनॉलच्या स्ट्रिपरला ही युक्ती विलक्षण जुळते. वरची वाफ ९५-९६ अंश, तळ १०० अंश. फरक अगदी थोडा. ती वाफ थोडीशी दाबली की तिचे द्रवीभवन तापमान ११० च्या घरात जाते आणि तीच रिबॉयलरमध्ये, म्हणजे कॉलमच्या तळाच्या उकळणीत, जाऊन तळाचे पाणी उकळते. बाष्पनाच्या १२ मेगाज्यूलपैकी बहुतेक उष्णता गोल फिरत राहते. बाहेरून साधारण दहावा भाग वीज द्यावी लागते, म्हणजे १.२ मेगाज्यूल. वीज आणि वाफ एका मापाने मोजू नका. औष्णिक वीज असेल, तर अडीचने गुणा, ३ मेगाज्यूल होतात. एक्स्चेंजर पाच अंशांवर आणा, आणखी २. शुद्धीकरणाचे दीड. एकूण साडेसहा. कुठलाही नवा पदार्थ न शोधता १७ वरून साडेसहावर आलो. याच्या पुढे, दाबलेली वाफ पाणी सोडणाऱ्या पडद्यावरून नेऊन तिथेच कोरडी करण्याची जोडपद्धतही आहे. तिथे पडदा वॉशला शिवत नाही, त्यामुळे तो घाण होत नाही. पडदा वापरायचाच असेल, तर मी तो तिथे वापरेन.

कंप्रेसर घेताना एक काळजी घ्या. फेसाचे थेंब वाफेबरोबर वर गेले, तर पाती खराब होतात. डिमिस्टर, म्हणजे वाफेतले थेंब अडवणारी जाळी, चांगला हवा आणि कॉलमच्या वरच्या भागात मोकळी उंची हवी.

डिकँटरचीही एक खोड सांगतो. ॲसिटोन आणि इथेनॉल दोन्ही थरांत मिसळतात आणि थर जुळवून आणतात. त्यांचे प्रमाण वाढले की दोन थर होतच नाहीत, सगळे एकजीव दिसते. मालात ॲसिटोन, ब्युटेनॉल आणि इथेनॉल यांचे प्रमाण सामान्यतः ३:६:१ असते, म्हणजे ॲसिटोन काही किरकोळ नाही. ते ५६ अंशांना उकळते, म्हणून ते आणि जमेल तेवढे इथेनॉल डिकँटरच्या आधी काढून घ्या. थर होत नाहीत म्हणून लोक डिकँटर मोठा करतात. आकाराने तो प्रश्न सुटत नाही.

आता टाकीतच सतत ब्युटेनॉल काढत राहण्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नामागे तीच ओढ दिसते. जंतूंना विष होते म्हणून ते काढत राहायचे, हे बरोबर. पण त्याने बाष्पनाची ऊर्जा आपोआप वाचते, हा समज चुकीचा आहे. टाकीत ब्युटेनॉल ५ ग्रॅमवर ठेवले, तर जंतू जोमात राहतात, पण वाफही तितकीच पातळ होते आणि किलोमागचे पाणी दुप्पट. फिरवायचा वॉशही वाढतो: १० ग्रॅमवरून ४ ग्रॅमवर आणून परत पाठवायचा म्हटले, तर किलोमागे १६७ किलो वॉश तापवून पुन्हा थंड करायचा, एक्स्चेंजरचा प्रत्येक अंश आता ०.७ मेगाज्यूलचा. म्हणून टाकी जंतूंना सोसेल त्या वरच्या टोकाला चालवा. मी ७-८ ग्रॅमवर थांबतो. पेशी आडव्या प्रवाहाच्या गाळणीने टाकीतच ठेवा आणि फक्त स्वच्छ द्रव कॉलमला द्या.

सतत काढण्याचा खरा फायदा पाणी कमी करण्यात आहे. एक किलो द्रावकांना सुमारे तीन किलो साखर लागते. विषबाधेमुळे साध्या बॅचमध्ये लिटरला ६० ग्रॅम साखरेच्या वर जाण्यात अर्थ नसतो. ब्युटेनॉल बाहेर जात राहिले, तर तीच साखर तिप्पट-चौपट घट्ट पाकाच्या रूपात देता येते. संयंत्रात येणारे पाणी त्या प्रमाणात घटते, टाकी लहान होते आणि शेवटी उरणारा स्पेंट वॉशही (द्रावक काढून घेतल्यावरचा वॉश) घटतो. हा स्पेंट वॉश विसरू नका. साध्या बॅचमध्ये किलो ब्युटेनॉलमागे जवळजवळ १०० किलो उरतो आणि तो वाळवायचा म्हटले, तर डिस्टिलेशनपेक्षा कित्येक पट ऊर्जा जाते. तो मिथेनच्या टाकीत घाला. निघणारा वायू बॉयलरला द्या. स्पेंट वॉशचा काही भाग परत फिरवता येतो, पण ॲसिटिक आणि ब्युटिरिक आम्ल पाण्याबरोबर तळालाच राहतात, साठत जातात आणि जंतू मंदावतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर आम्लाचे प्रमाण रोज तपासा.

तुमच्या संयंत्रात आज पहिल्यांदा करायचे ते एवढेच: एक्स्चेंजरच्या चार टोकांची तापमाने, कॉलमवरून निघणाऱ्या द्रवात किलो ब्युटेनॉलमागे किती पाणी, आणि तळाच्या पाण्यात किती ब्युटेनॉल निसटते, हे आठवडाभर तासातासाने लिहून ठेवा. तिसऱ्या आकड्याकडे विशेष बघा. १०० किलो पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम निसटत असेल, तर किलोतले ५० ग्रॅम गटारात जात आहेत आणि ते पकडायला वाफ वाढवावी की प्लेट्स, हे त्या नोंदींवरूनच ठरेल. नोंदी हातात आल्या की कंप्रेसर किती मोठा हवा, तेही काढता येईल.